भाऊजींना वेचणीला जाऊ दे

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, भाऊजी आता शांत आहेत. गोळ्या घेतात, जेवतात, पडून असतात. कुणाला त्रास नाही." आणि लगेच म्हणालीस, "पण माझाच जीव घरात रमत नाही." शेजारी आत्याबाई, तुझ्या सासूबाई, बसलेल्या असणार, म्हणून मी जास्त खोदलं नाही. आता सवडीनं लिहितेय. तू वाच आणि आमच्या पाहुण्यांनाही, म्हणजे तुझ्या मालकांनाही, वाचायला दे. खाली जमिनीचं लिहिलंय, ते तर नक्कीच दे.

गोळ्यांनी तुझ्या दिराच्या, भाऊजींच्या, कानातले आवाज थांबले, कुणीतरी मारायला टपलंय हा संशय गेला, ही लहान गोष्ट नाही. पण सकाळी उठावं, दाढी करावी, कुणाशी चार शब्द बोलावेत, ही ओढ गोळीनं येत नाही. आली तरी फार उशिरा येते. स्किझोफ्रेनियाचा तोही भाग आहे आणि सगळ्यांत चिवट भाग तोच. लोक त्याला आळस म्हणतात. आत्याबाई म्हणत असतील, "आयतं खाऊन सुस्तावलाय." तुझं त्याच्या उलट: पाणी हातात, ताट पुढ्यात, कपड्यांच्या घड्या उशाशी. बोलणं खाऊनही माणूस खाटेवरच राहतो आणि लाड करूनही खाटेवरच राहतो.

"आधी पूर्ण बरा होऊ दे, मग कामाला लावू" असं तुमच्या घरात ठरलंय ना? मला हा हिशेबच उलटा वाटतो. तो 'पूर्ण बरा' दिवस कुणी सांगून येत नाही, आणि तोवर हातपाय, जीभ, ओळखीपाळखी सगळं गंजून जातं.

माझ्या नणंदेच्या आजाराचं तुला माहीत आहे. दवाखान्यातून आणलं तेव्हा हातात नुसती गोळ्यांची चिठ्ठी दिली होती. घरी नेऊन तिच्याशी वागायचं कसं, हे कुणी सांगितलं नाही. कितीतरी दिवस ती भिंतीकडं तोंड करून बसायची. एकदा ऐन गर्दीत लाईट गेली आणि आमच्या पिठाच्या गिरणीत डब्यांचा ढीग पडला. कुणाचा आधी आला, मला काही आठवेना. मी सहज म्हटलं, "अक्का, एवढे डबे ओळीनं लावता का?" ती उठली आणि लावायला लागली. ज्वारी कुणाची, गहू कुणाचे, बाजरी जाडसर दळायला कुणी सांगितली, सगळं तिला पाठ. आम्हाला वाटायचं ही भिंत बघत बसते. तिचं ध्यान गिरणीवर होतं. पुढं डब्यावर खडूनं नाव घालायचं काम तिचंच झालं. पैशाला ती अजून हात लावत नाही, सुट्ट्याचा घोळ झाला की घाबरते. तिथं आम्ही जोर करत नाही. पण एखाद्या दिवशी ती दिसली नाही की गिऱ्हाईक विचारतं, "अक्का कुठं गेल्या?" ते विचारणं ऐकायला ती दुसऱ्या दिवशी वेळेवर येते.

तुमच्याकडं कापूस आहे. वेचणीची मजुरी किलोवर असते, हे लक्षात घे. रोजंदारीच्या कामात माणूस मागं पडला की बांधावरून ओरड होते. वेचणीत ज्याची त्याची ओटी आणि ज्याचं त्याचं गाठोडं. कुणी बिगीबिगी वेचतं, कुणी दमानं. संध्याकाळी काट्यावर जेवढं भरेल तेवढं त्याचं. भाऊजींना आधी नुसतं न्याहारीपर्यंत ने. एक ओळ झाली की बसू दे. काट्यावर चारच किलो भरले तर चार किलोचे पैसे त्यांच्या हातात दे, घरचंच रान असलं तरी दे. "घरचा माणूस, त्याला कशाला मजुरी?" असं आत्याबाई म्हणतील. त्या पैशातून भाऊजी वडीगोद्रीला जाऊन एक चहा पितील, केस कापून येतील. त्याच्यासाठीच तर देतोय.

कुठलं काम द्यायचं नाही तेही ऐक. रात्रीची लाईट असली की मोसंबीला पाणी द्यायला त्यांना पाठवायचं नाही. या आजारात झोप मोडली की सगळं मोडतं. आमच्या अक्कांच्या बाबतीत प्रत्येक वेळी बिघाडाची पहिली खूण झोपच असते: दोन-तीन रात्री टक्क जागी, मग आंघोळ टाळणं, मग ताटाकडं संशयानं बघणं. तुझ्या भाऊजींच्या खुणा वेगळ्या असतील. मागच्या वेळी बिघडायच्या आधी काय काय झालं ते आठवून वहीत लिहून ठेव. दिसलं की लगेच डॉक्टर गाठायचा, आवाज यायची वाट बघायची नाही. सप्ताहाला, नवरात्रात देवीला त्यांनी जरूर जावं, पण रात्रभर जागू नये. फवारणीचं काम त्यांना नाही म्हणजे नाही, आणि ते औषध घरात उघड्यावर राहता कामा नये. त्याचं कारण आपल्या मराठवाड्यात तुला वेगळं सांगायला नको. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून सरकारनं २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' काढला, त्यातल्या १४ जिल्ह्यांत आपला जालना आहे. गावातल्या आशाताईला त्याची माहिती असते, तिच्याशी एकदा नीट बोल.

आणि ऊन. आत्ता दिवाळीच्या तोंडावर ठीक आहे, पण चैत्र-वैशाखात जपायचं. या आजाराच्या कित्येक गोळ्यांनी अंगाला उष्णता सोसत नाही. चिठ्ठीत लिथियम असेल तर अजूनच जपायचं: अंगातलं पाणी कमी झालं, जुलाब-उलट्या झाल्या की त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि ते विषासारखं भिनतं. कंबर दुखली म्हणून मेडिकलवाल्याकडून आणलेल्या काही वेदनाशामक गोळ्यांनीही तसंच होतं. तेव्हा आधी डॉक्टरला विचारायचं, मग गोळी. हात थरथरणं, तोंडातून लाळ येणं, पाय एका जागी न ठरणं, हे दिसलं तर "नाटकं करतो" म्हणू नका. तो बऱ्याचदा गोळीचा त्रास असतो आणि डॉक्टर त्यावर उपाय करू शकतात. गोळ्या चुकवत असतील तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शनही मिळतं, त्याबद्दल विचारा. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, तो सोडून संभाजीनगरला खासगीत पैसे ओतायची घाई करू नका. रात्री-बेरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फिरव. फुकट आहे आणि मराठीत बोलतात. तो तुझ्यासाठीसुद्धा आहे बरं.

आता घरातल्या बोलण्याचं. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या एका समाजशास्त्रज्ञाला १९५०च्या दशकात एक अजब गोष्ट दिसली. दवाखान्यातून आई-बापाच्या किंवा बायकोच्या घरी गेलेली माणसं, भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा बिघडत होती. पुढं त्यानं आणि इतरांनी खणून बघितलं, तर घरात सतत टोचून बोलणं, राग धरणं किंवा नको इतकी काळजी करणं, हे जिथं जास्त तिथं आजार जास्त वेळा उलटत होता. आणि अशा घरात आठवड्याला ३५ तासांहून जास्त वेळ समोरासमोर काढला तर अजूनच. अतिकाळजीसुद्धा त्यात आली, बाई! म्हणजे आत्याबाईंचं टोचणं आणि तुझं ताट वाढणं एकाच यादीत. म्हणून म्हणते, दिवसातले काही तास त्यांना घराबाहेर काम असू दे आणि काही तास तुला असू दे. भांडण न करता जमणारी ही एवढीच युक्ती मला सापडलीय. आपल्याकडं घरं मोठी असतात, माणसं जास्त असतात, म्हणून भार वाटला जातो असं म्हणतात. पण तुझ्या घरी तो वाटला जातोय का? गोळ्या तू देतेस, जालन्याला तू नेतेस, रात्री आवाज आला की तू उठतेस. भाऊ त्यांचा आहे ना?

भाऊजींचं लग्न करून द्यायची चर्चा चालू आहे, असं कानावर आलंय. कृपा करून हे थांबव. "लगीन झालं की ताळ्यावर येईल" हे औषध आपल्या भागात फार जुनं आहे आणि त्याचा खर्च कुणाच्या तरी पोरीच्या जन्मातून होतो. त्यांना लग्न करायचा हक्क नाही असं मी म्हणत नाही. आजार काबूत असेल, ते स्वतः तयार असतील आणि समोरच्या मुलीला गोळ्यांची चिठ्ठी दाखवून सगळं सांगितलं असेल, तर खुशाल करा. लपवून करणार असाल तर मी अक्षतांना येणार नाही.

तसंच देवऋष्याचं. मत्स्योदरीला जाऊन नारळ फोडलंत, बरं केलंत. मन शांत होत असेल तर देवाचं कशाला सोडायचं? पण गोळ्या बंद करा म्हणणारा, धूर देणारा, मारणारा, बांधून ठेवा म्हणणारा जो कुणी असेल त्याला दारात उभं करू नका. भूत काढतो म्हणून बांधणं-मारणं हा आपल्या राज्यात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक आजार असलेल्या माणसाला साखळीनं बांधायला साफ बंदी आहे, कसल्याही रीतीनं. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी झोपडीवजा आश्रमाला आग लागली आणि साखळीनं बांधलेली २८ माणसं जळून मेली. बांधणाऱ्यांनी त्यांना सुरक्षित राहावीत म्हणूनच बांधलं होतं.

आता जमीन. इथं मी तुझी बहीण असूनही तुझ्या विरुद्ध बोलणार आहे. सातबाऱ्यावर भाऊजींचं नाव आहे. "त्याला काय कळतंय, हक्कसोड करून घेऊ, सांभाळायचं तर आपल्यालाच आहे" असा विचार पाहुण्यांच्या मनात आला नसेल तर उत्तम. पण भावकीत कुणीतरी तो घालणारच. करू नका. माणसाला गावात कशाच्या जोरावर विचारतात हे तुला कळतं. नाव गेलं की ते घरातले आश्रित झाले, आणि आश्रिताचं औषध सगळ्यांत आधी थकतं. त्याच २०१७च्या कायद्यात १९वं कलम आहे: अशा माणसाला समाजात राहायचा हक्क आहे, आणि घरच्यांनी नेलं नाही, घर नाही किंवा गावात सोय नाही, एवढ्याच कारणानं त्याला दवाखान्यात ठेवून घेता येत नाही. घरच्यांनी टाकलं तर राहत्या घरावरचा हक्क मिळवायला सरकारनं त्याला मदत करायची आहे. कायदा म्हणजे भाकरी नव्हे, हे मलाही कळतं. तरी पाहुण्यांनी हे वाचलेलं बरं.

त्याच कायद्यात आणखी एक कामाची सोय आहे. पुन्हा बिघडलं तर आपल्या वतीनं कुणी बोलायचं, ते माणूस बरा असताना साध्या कागदावर लिहून, सही-अंगठा करून ठरवू शकतो. भाऊजींनी तुझंच नाव घ्यावं असं नाही. एखादा मित्र सांगतील, मामा सांगतील. त्यांना विचारा आणि ते म्हणतील तसं लिहा.

कागदांचं बोलतेच आहे तर अपंगत्वाच्या दाखल्याचंही सांगते. २०१६च्या दिव्यांग कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत मानसिक आजार आहे. ४० टक्के किंवा जास्त धरलं गेलं तर बरेच मार्ग उघडतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज अंबडच्या तहसीलला करता येतो. तपासणीत मुख्यतः चार गोष्टी बघतात: स्वतःचं स्वतः आवरणं, माणसांत मिसळणं, बोलणं-समजणं आणि काम. आपली माणसं तिथं जाऊन लाजेखातर म्हणतात, "तसं सगळं बरं आहे साहेब." मग दाखल्यावर २० टक्के येतात. वाईट दिवस कसे जातात ते सांग, त्यासाठीच ती वही ने. आत्याबाईंना 'अपंग' शब्द लागेल. त्यांना सांग, हा कागद बसच्या पासासारखा वापरायचा, भिंतीवर लावायचा नाही.

तू विचारलंस, "कुठं ठेवायची सोय आहे का?" तुझ्या थकव्यातून आलेला प्रश्न आहे, मी राग मानत नाही. राज्याची जुनी मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतलं एकही आलं नाही. आता जालन्याला एक मंजूर झालंय. पण आजार भडकला तर तेवढ्यापुरतं दाखल करणं वेगळं आणि ठेवून येणं वेगळं. ठेवून आलेली माणसं तिथंच म्हातारी होतात. बरी झालेली, पण घरी कुणी नेत नाही म्हणून अडकलेली माणसं इतकी होती की सर्वोच्च न्यायालयाला २०१७ मध्ये राज्यांना त्यांच्या पुनर्वसनाचे आदेश द्यावे लागले. २०२१ मध्ये आपल्याच महाराष्ट्राला सांगावं लागलं, की त्यांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात ढकलू नका. वाचून मला लाज वाटली होती.

चांगलंही आहे. चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेनं २०१५ पासून 'होम अगेन' नावाचा प्रयोग केला: वर्षानुवर्षं दवाखान्यात राहिलेल्या चार-पाच बायका साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहतात, स्वयंपाक करतात, बाजार करतात, सोबतीला एक मदतनीस बाई असते. तसं आपल्याकडं रत्नागिरीतही झालं. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'तराशा' प्रकल्प २०११ पासून बऱ्या झालेल्या बायकांना वसतिगृह आणि नोकरी बघून देतो. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची 'श्रद्धा' संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी माणसांना उचलून, बरं करून देशभरात त्यांच्या गावी पोचवते. २०१८ मध्ये वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण या सगळ्यांचा शेवटचा थांबा काय? एक घर, एक गल्ली, एक गाव. भाऊजी त्या थांब्यावर आधीच उतरलेले आहेत.

आणि गावातल्या साध्या माणसांकडून हे होतं का, तर थोडं होतं. साताऱ्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये छापून आला. शिकवून तयार केलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जायचे, गोळ्यांचं बघायचे, घरच्यांशी बोलायचे, माणसाला हळूहळू कामात घालायचे. नुसत्या दवाखान्यात जाणाऱ्यांपेक्षा ही माणसं जरा जास्त सावरली. चमत्कार झाला नाही, फरक बेताचाच होता, पण तो डॉक्टरांच्या खेपांनी झाला नव्हता.

तुझं गाव २९ ऑगस्ट २०२३ ला तिथं मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं आणि १ सप्टेंबरला लाठीमार झाला तेव्हापासून सगळ्या राज्याला ठाऊक झालं. राजकारण बाजूला ठेव. तूच सांगत होतीस ना, दारात येईल त्या अनोळखी माणसाला पाणी दिलं, चुलीवर भाकरी थापल्या, कुणाच्या जातगावाची चौकशी केली नाही? ज्या गावाला एवढं जमतं त्या गावात भाऊजी पारावर येऊन बसले की पोरं "येडं आलं" म्हणतात आणि मोठी माणसं हसतात. यावर भाषण नको. पारावरच्या दोन जाणत्या माणसांना पाहुण्यांनी गाठावं आणि सांगावं, "भाऊ दुखण्यातून उठलाय, त्याला नावानं हाक मारा." वाढदिवस, बारसं, दहावं, जिथं घरटी एक माणूस बोलावतात तिथं अधूनमधून भाऊजींना पाठवा. पंगतीत वाढायला लावा. सभा, गाड्या, भोंगे यांची गर्दी असेल त्या दिवशी मात्र त्यांना लवकर रानात ने. इतका गोंगाट त्यांच्या डोक्याला झेपत नाही.

'देवराई' सिनेमा मिळाला तर बघ, २००४चा आहे. अतुल कुलकर्णींचा शेष आणि त्याला सांभाळणारी बहीण, म्हणजे सोनाली कुलकर्णी. आजारी भावापेक्षा मी त्या बहिणीकडंच जास्त बघत होते. बघताना मला तू आठवलीस.

म्हणून शेवटचं सांगते आणि याला नाही म्हणायचं नाही. भाऊबीजेला दोघी माहेरी जाऊ आणि तू दोन रात्री राहायचं, घरचं कुणी बरोबर न घेता. गोळ्यांचं सकाळ-संध्याकाळचं गणित पाहुण्यांना कागदावर लिहून दे आणि एकदा तुझ्या देखत त्यांनाच द्यायला लाव, म्हणजे मागून फोन येणार नाहीत. स्वयंपाकाचं आत्याबाई बघतील. भाऊजींना भाकरी येते, आजारपणाआधी ते थापायचे असं तूच एकदा म्हणाली होतीस; त्या दोन दिवसांत त्यांनाच थापू दे. येताना माझ्यासाठी वेचणीतला थोडा कापूस आण, वाती वळायला, आणि तो भाऊजींच्या ओटीतलाच आण. किलोचा भाव काय लावलाय ते सांग, पैसे मी त्यांच्या हातात देईन.